शेपटाकडचा माणूस

कारखान्याच्या फाटकासमोर तिने स्कूटर थांबवली, कारण फाटकातून काहीतरी बाहेर पडत होतं आणि ते संपतच नव्हतं.

आधी ट्रकचं तोंड आलं, साधंच, कुठल्याही ट्रकसारखं. त्याच्यामागून एक पांढराशुभ्र गोल आला, एवढा मोठा की आत एखादी मोटार सहज मावली असती. मग तो गोल चपटा होत गेला, बाक घेत गेला, निमुळता होत गेला... आणि येतच राहिला. पवनचक्कीचं पातं. एकच पातं. पाच बस एकापुढे एक लावल्या असत्या तरी ते उरलं असतं. तिने ते फोटोत पाहिलं होतं, आदल्या दिवशी आपल्या स्लाइडवर मधोमध बसवलंही होतं. पण स्लाइडवरच्या पात्याला सावली नव्हती. इथे ती सावली रस्ताभर सरकत होती, आणि ती स्वतः स्कूटर सोडून, मान वर करून, त्या सावलीबरोबर चालत निघाली होती.

"मॅडम, जरा मागे या."

आवाज शांत होता. गळ्यात पट्ट्याने एक डबा अडकवलेला माणूस ट्रेलरच्या मागच्या चाकांजवळून चालत होता. डब्यावर दोन दांडे होते आणि त्याचे अंगठे त्यांच्यावर नुसते टेकलेले. तो तिच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर वर होती, पात्याच्या टोकावर.

ती मागे सरकली. ट्रकने वळण घेतलं, आणि चाकांच्याही बरंच मागे आलेलं ते टोक, एखाद्या झोपाळलेल्या माणसाने हात फिरवावा तसं, ती आत्ता उभी होती त्या जागेवरून अलगद फिरून गेलं.

मग तो हसला, तोंडाने कमी, डोळ्यांनी जास्त.

"पहिल्यांदा बघणारा माणूस पुढेच येतो," तो चालता चालता म्हणाला. "मागे कुणी जात नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"माझं चुकलंच," ती म्हणाली आणि स्कूटरकडे वळली. तेव्हा कुठे तिला आठवलं, की आपल्या नव्याकोऱ्या जॅकेटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — सुरक्षा प्रशिक्षक. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

कारखान्याने तिला बोलावलं होतं ते चालकांना सावध ड्रायव्हिंग शिकवायला. तिचं इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं, हातात सर्टिफिकेटं होती, आवाज खणखणीत होता. संध्याकाळी घरी गेली की गणिताचे मास्तर असलेले बाबा विचारायचे, "आज कुणाकुणाला घाबरवलंस?" आणि नर्स असलेली आई म्हणायची, "घाबरू देत. माझ्या वॉर्डात येण्यापेक्षा बरं." पण आजवर तिने शिकवलं ते गोदामातल्या लोकांना, कंपनीच्या मोटारी चालवणाऱ्यांना. असल्या अजस्र वस्तूशी तिचा संबंध आला नव्हता. आणि पहिल्याच दिवशी तिचं हसं व्हायला एक वाक्य पुरेसं होतं.

ते वाक्य बोलू शकणारा माणूस पातं फाटकाबाहेरच्या तळावर पोचवून वर्गात सगळ्यांत शेवटी आला आणि शेवटच्या बाकावर बसला. "या शेपूट, या," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. गळ्यातल्या डब्याच्या दांड्यांनी ट्रेलरची मागची चाकं वळवतो म्हणून सगळा कारखाना त्याला शेपूट म्हणायचा. पहिल्या बाकावर भरदार मिशांचा, दणकट माणूस बसला होता. तो शेपटाचा सख्खा मोठा भाऊ, पुढचा ट्रक तोच चालवायचा. त्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

"गाडी चालवताना सगळ्यांत धोक्याची गोष्ट कोणती?" तिने विचारलं.

"बायकोचा फोन," दादा म्हणाला. वर्ग खो खो हसला.

तीही हसली. मग तिने सांगायला घेतलं. समोरचा चुकणारच असं धरून चालवायचं. नजर बंपरवर नाही, लांब ठेवायची. आणि कामावर असलेल्या कुणीही, अगदी कुणीही, ‘थांबा’ म्हटलं, की आधी थांबायचं. का, कशाला, ते नंतर विचारायचं.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"एक शंका होती मॅडम. एखादी गोष्ट इतकी... मोठी असते, की बघताना माणसाचं भान हरपतं. त्यावर उपाय काय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. फाटकावरची गोष्ट तो एकटाच जाणत होता. त्याच्या चेहऱ्यावर खोडी होती, पण दगाबाजी नव्हती.

"उपाय एकच," ती म्हणाली. "शेजारी एक भान असलेला माणूस ठेवायचा."

"मिळतो का असा?"

"शोधावा लागतो... पुढची स्लाइड."

त्या आठवड्यात ती सकाळी वर्ग घ्यायची आणि दुपारी मागच्या मैदानात जायची. तिथे रिकामा ट्रेलर घेऊन सराव चाले. ती चालकांना अंतर ठेवायला शिकवी, आरशात न दिसणारे कोपरे दाखवी. आणि सगळे चहाला गेले की तो तिला त्याचं काम दाखवी. पुढचा ट्रक उजवीकडे वळला की मागची चाकं आधी डावीकडे काढावी लागतात. किती, ते कुठे लिहिलेलं नसतं, ते टोकाकडे बघून ठरवायचं.

"दादाला मी दिसत नाही, मला दादा दिसत नाही," तो म्हणाला. "मध्ये एवढं मोठं पातं. आमचं सगळं या वॉकीटॉकीवर."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. वाटली नाही त्या दिवशी काम सोडीन."

आजवर वर्गात कुणी हे कबूल केलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच. मग एकदम मैदानात मांडलेल्या केशरी शंकूंची रांग नीट करायला लागली. शंकू नीटच होते.

मग वॉकीटॉकीवर एक नवीनच भाषा सुरू झाली. त्यावर सगळेच ऐकत असत — पुढे दादा, वाट मोकळी करणारा पायलट गाडीवाला, फाटकावरचा पहारेकरी. त्यामुळे जे काही बोलायचं ते कामाच्याच शब्दांत.

"मॅडम, मागून सगळं ठीक. हवा छान आहे. आज पिवळं जॅकेट उठून दिसतंय. सुरक्षेच्या दृष्टीने म्हणतोय."

"नोंद घेतली. मागच्या माणसाने नजर टोकावर ठेवावी."

"नजर टोकावरच आहे. टोकाच्या पलीकडे तुम्ही उभ्या आहात."

एकदा मध्येच दादाचा जाड आवाज आला. "इकडे ट्रक चालवणारा पण ऐकतोय बरं का." मग बराच वेळ वॉकीटॉकीवर नुसती खरखर होती.

दादाला नुकतीच मुलगी झाली होती. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही असं तो अभिमानाने सगळ्यांना सांगे. "आवाज माझ्यावर गेलाय," म्हणे. "घाटात हॉर्नच्या जागी बसवता येईल."

"मग तुम्ही कुठे झोपता?" तिने धाकट्याला विचारलं.

"गच्चीवर. काका होण्याचा एवढा एकच फायदा."

चक्कीची दोन पाती आधीच डोंगरावर पोचली होती. तिसरं, शेवटचं, त्या आठवड्याअखेर निघालं, आणि चालकांचं काम प्रत्यक्ष बघायचं म्हणून ती दादाच्या शेजारी ट्रकच्या केबिनमध्ये बसली. घाटरस्ता त्यांच्यासाठी दिवसभर बंद ठेवला होता. पुढे पायलट गाडी, मागे ट्रक, आणि खूप मागे, चढावर चालत येणारा तो.

ऊन चढलं. ट्रक माणसाच्या चालीने वर सरकत होता. दादा मुलीच्या बारशाआधीच्या भांडणाची गोष्ट सांगत होता.

"मग आई म्हणाली, नाव मी ठेवणार. ही म्हणाली, बाळ मी जन्माला घातलं. मी म्हटलं, बायांनो..."

वाक्य तिथेच राहिलं. तिला वाटलं, शब्द शोधतोय. तिने पाहिलं. दादाचे डोळे उघडे होते, रस्त्यावर होते, पण त्यांच्यामागे कुणी नव्हतं. पुढे पायलट गाडीचे लाल दिवे लागले. ती गाडी थांबली. दादाचा पाय हलला नाही.

"थांबा," ती वॉकीटॉकीत म्हणाली. "सगळे थांबा."

मागून प्रश्न आला नाही. एका क्षणात ट्रेलरची मागची चाकं किंचाळली, धाकट्याने डब्यावरचं लाल बटण दाबलं होतं. अख्खा ट्रक पाठीमागून कुणी खेचावा तसा हिसका बसला. दादाची मान पुढे आदळली, आणि तो जागा झाला तो ब्रेकवर उभा राहूनच. ट्रक थांबला तेव्हा पायलट गाडी काचेखाली दिसेनाशी झाली होती. इतकी जवळ होती.

इंजिन तेवढं धापा टाकत होतं.

"काय झालं?" दादा म्हणाला. "कशाला थांबवलंत?"

"तुम्हाला डुलकी लागली होती दादा."

"मला?" त्याच्या मिशा थरथरल्या. "डोळे उघडे होते माझे. वीस वर्षं गाडी चालवतोय मी. तुम्ही किती वर्षं चालवताय ट्रक?"

"एक दिवसही नाही," ती म्हणाली. आपला आवाज कापतोय हे तिलाच ऐकू येत होतं. "पण तुम्ही झोपला होतात. झोप झाल्याशिवाय मी ही गाडी पुढे जाऊ देणार नाही."

फोन वाजला. कारखान्याचे मॅनेजर. वर क्रेन भाड्याने आणून उभी केली आहे, दुपारी घाटात वारा सुटतो, मग वळण घेता येत नाही, आणि आज पातं पोचलं नाही तर जबाबदारी कुणाची? "माझी," ती म्हणाली. "माझ्या नावावर टाका." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे बोलताना आपण उभ्या राहिलो होतो आणि डोकं केबिनच्या छताला लागलं होतं.

पात्याच्या कडेकडेने तो चालत आला. अख्खी लांबी चालत यायला त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ दादा खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, त्याचीच वाट बघत होता.

"सांग यांना," दादा म्हणाला. "मी कधी गाडीवर झोपलोय का?"

धाकट्याने भावाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिने मान वळवली. भावाभावांच्या मध्ये उभं राहायची तिची इच्छा नव्हती, आणि उद्या तो आपल्याशी बोलेल की नाही, हाही विचार नेमका त्याच वेळी तिच्या मनात आला.

"मी मागे होतो दादा," तो हळूच म्हणाला. "मला काहीच दिसलं नाही. पण सकाळी तू चहाचा कप ओठांऐवजी हनुवटीला लावलास. मी हसलो होतो." तो थांबला. "मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या बोलल्या. मी नाही बोललो."

दादा पायलट गाडीच्या मागे गेला. तिचा बंपर आणि आपल्या ट्रकचं नाक, यांच्यामध्ये त्याने हात घालून पाहिला. हात जेमतेम आत गेला. मग तो केबिनमध्ये चढला, आडवा झाला, आणि दरवाजा पूर्ण लागायच्या आतच त्याचं घोरणं सुरू झालं.

वारा आला तो खालच्या खोऱ्यातून, गवत वाकवत. दोघं पात्याच्या सावलीत बसली होती. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

"ऐका," तो म्हणाला.

"काय?"

"बोलू नका. ऐका."

आधी तिला काहीच ऐकू आलं नाही. मग कुठून तरी एक सूर आला, इतका खालचा, की कानापेक्षा छातीतच जास्त कळला. तो वाढला, उतरला, पुन्हा वाढला. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, तशी तिने उठून पात्यावर तळहात टेकला. ते पांढरं, थंड, प्रचंड अंग आतून गुणगुणत होतं. तिच्या बोटांतून ते मनगटात आलं, कोपरापर्यंत आलं.

"हे जिवंत आहे," ती पुटपुटली.

"अजून झोपलंय. वारा ओळखतं मात्र." त्यानेही हात टेकला, तिच्या हाताजवळ, पण मध्ये जागा ठेवून. "मी हे कुणाला सांगत नाही. हसतील."

"मी नाही हसणार."

"माहितीय... म्हणून तर सांगितलं."

बराच वेळ दोघं तशीच उभी राहिली. मधली जागा कुणी कमी केली ते कुणालाच कळलं नाही. त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागली आणि तिथेच राहिली, आणि पातं दोघांच्या हाताखाली गुणगुणत राहिलं.

"तुम्ही का थांबलात?" तिने विचारलं. "एक शब्द न विचारता?"

"तुमच्या आवाजात कधी भीती ऐकली नव्हती. आज ऐकली. तेवढं पुरे होतं."

उन्हं उतरायला लागली तेव्हा दादा उठला. तोंड धुतलं, मिशा पुसल्या आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला. सकाळी ती मॅडम होती. "बाळाचं भांडण सांगत होतो मी. कुठवर आलो होतो?"

"बायांनो, म्हणालात."

"त्याच्या पुढचं काही आठवत नाही." त्याने मान खाली घातली. "घरी सांगू नकोस. मीच सांगेन."

वारा पडला, गुणगुण थांबली, आणि पुढे ते वळण होतं. एका बाजूला कापलेला कातळ, दुसऱ्या बाजूला खोरं, आणि रस्ता हाताच्या कोपरासारखा दुमडलेला. धाकट्याने गळ्यात डबा अडकवला, मग तिला कातळाच्या वर, सुरक्षित उंचवट्यावर नेऊन उभं केलं.

"टोक खोऱ्यावर जाईल, ते मी बघेन. पोट कातळाकडे येईल, ते मला दिसणार नाही. ते तुम्ही बघा. किती जागा उरलीय, तेवढंच सांगा."

"मी? मी कधी..."

"तुमची नजर मी पाहिलीय."

ट्रक हलला. पातं वळायला लागलं, आणि तिने जे पाहिलं ते ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली, आणि दरवेळी तिला शब्द अपुरे पडले. ते पांढरं टोक रस्ता सोडून बाहेर गेलं, खोऱ्यावर गेलं, जिथे खाली नुसती हवा होती आणि हवेच्या तळाशी काड्यांएवढी झाडं. एक घार पात्याच्या खालून गेली. मावळतीचं ऊन त्याच्या बाकावरून वितळल्यासारखं ओघळत होतं. आणि त्या सगळ्या अवाढव्यपणाच्या खाली, दरीच्या कडेने, एक माणूस मान वर करून पावलापावलाने चालत होता, अंगठे दांड्यांवर, एखाद्या तान्ह्या पोराला पाळण्यात वळवावं तसा.

"कातळ... दोन हात," ती म्हणाली. "दीड. एक. थांबा."

सगळं थांबलं. डोंगर, ट्रक, तो, दादा, सगळे तिच्या पुढच्या शब्दासाठी थांबले.

"मागची चाकं जरा दरीकडे... अजून थोडी. बस. दीड हात आहे. चला. सावकाश."

"चाललो," दादाचा आवाज आला.

"चाललो," त्याचा आला.

शेवटचं टोक कातळाला वळसा घालून पलीकडे गेलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आपण रडतोय हे तिला कळलं ते वॉकीटॉकीतून त्याने विचारलं तेव्हा.

"मॅडम, वर सगळं ठीक?"

"ठीक," ती म्हणाली. आणि मग, सगळे ऐकत असताना, कामाचा एकही शब्द न वापरता, "फार सुंदर होतं. तुम्हीसुद्धा."

खरखर. बराच वेळ. मग दादा. "इकडे आता जागा असलेला माणूस ऐकतोय."

चक्की सुरू झाली त्या सकाळी कारखान्यातले बरेच लोक डोंगरावर आले. दादा बायकोला आणि मुलीला घेऊन आला. मुलगी खरोखरच हॉर्नसारखी रडत होती आणि सगळे कौतुकाने ऐकत होते. दोघा भावांची आईही आली होती, पदर सावरत, आभाळाकडे मान वर करून.

तिन्ही पाती वर स्थिर होती, जमिनीवरून बघताना किती हलकी. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. आज गळ्यात डबा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"ती माझी आई," तो म्हणाला.

"ओळखलं. डोळे तसेच आहेत."

"तिला मी... म्हणजे तिला विचारलं. तर ती म्हणाली, मला काय विचारतोस, आधी मुलीला विचार."

"मग विचारा."

"विचारतोय की."

"कुठे? अजून काहीच विचारलं नाही तुम्ही."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. दरीवर पातं वळवताना या माणसाचे अंगठे कापले नव्हते. आता कपाळावर घाम होता. तिने मदत केली नाही. तिला ते बघायला फार आवडत होतं.

वर कसलासा आवाज झाला. लोक गप्प झाले, बाळसुद्धा. पहिलं पातं किंचित हललं, खाली येऊ लागलं, मग दुसरं त्याच्या जागी वर गेलं, मग तिसरं, त्यांचं. सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखं, ते आभाळभर फिरायला लागलं. डोंगरावरच्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या होत्या. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

"माझ्याशी लग्न कराल?" तो वर बघतच म्हणाला.

तिने त्याचा हात धरला.

"रविवारी आईंना घेऊन घरी या," ती म्हणाली. "बाबा रविवारी घरी असतात."

त्याने जोरजोरात मान हलवली, हात सोडवला आणि आईकडे जवळजवळ पळतच निघाला. अर्ध्या वाटेत थबकला, तसाच परत आला.

"पत्ता?" तो म्हणाला.